घटक ५ : उपनगरी काउंटीतील रहिवाशांची आर्थिक ओळख – फेअरफॅक्सचे उदाहरण

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला एखाद्या प्रदेशातील रहिवाशांच्या आर्थिक स्थितीविषयीची आकडेवारी वाचून तिचे मराठीत अचूक निवेदन करता येईल. ‘मध्य’ आणि ‘मध्यक’, ‘कुटुंब’ आणि ‘बिऱ्हाड’, ‘गरीब’ आणि ‘अल्प उत्पन्न गटातील’ या शब्दांमधील भेद सोदाहरण स्पष्ट करता येईल. तसेच अशा लेखनातील सदोष विधाने ओळखून ती दुरुस्त करता येतील.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण माहितीपर लेखनाची सर्वसाधारण वैशिष्ट्ये पाहिली. या घटकात त्यांतील एका अवघड प्रकाराकडे वळायचे आहे. एखाद्या गावाचे, तालुक्याचे किंवा शहराचे लोक काय कमावतात, कशावर जगतात आणि कोणाला किती पुरते, हे आकड्यांच्या आधारे सांगणाऱ्या लेखनाला ‘आर्थिक रूपरेखा’ असे म्हणतात. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून शिकत आहेत. ग्रामपंचायतीचा अहवाल, बँकेचे टिपण, वृत्तपत्रातील बातमी, स्वयंसेवी संस्थेचा प्रस्ताव अशा निमित्तांनी हे लेखन तुमच्या वाट्याला आले असेल किंवा पुढे येईल.

‘आकडे बोलतात’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात आकड्याच्या आधी एक नाम असते आणि त्याच्या मागे एक व्याख्या असते. ‘उत्पन्न’ म्हणजे कोणाचे, करापूर्वीचे की नंतरचे, एका माणसाचे की एका घराचे, हे ठरल्याशिवाय आकडा मुका असतो. म्हणून हा विषय अर्थशास्त्राइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

उदाहरण म्हणून अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स काउंटी निवडली आहे. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण का घेतले नाही, अशी शंका तुमच्या मनात येईल. आपल्या परिसराबद्दल आपण आधीच काही धरून चाललेले असतो, त्यामुळे आकडा वाचण्याऐवजी आपण आपला ग्रहच वाचतो. परक्या ठिकाणी प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते. शिवाय ही काउंटी अमेरिकेतील अतिशय सधन प्रदेशांपैकी एक गणली जाते आणि ‘सधन’ या एका विशेषणाखाली किती निरनिराळे जीवन झाकले जाते, ते येथे फार स्पष्ट दिसते.

५.२ प्रदेशाची ओळख

‘काउंटी’ या शब्दाला मराठीत ‘जिल्हा’ हा प्रतिशब्द वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. आपल्याकडील जिल्ह्याचा कारभार जिल्हाधिकारी पाहतो आणि तो राज्य शासनाचा नेमलेला अधिकारी असतो. फेअरफॅक्सचा कारभार लोकांनी निवडून दिलेले दहा सदस्यांचे मंडळ पाहते. शाळा, पोलीस, ग्रंथालये आणि घरांवरील कर ही सारी कामे या मंडळाच्या अखत्यारीत किंवा त्याच्या अंदाजपत्रकात येतात. ‘जिल्हा’ म्हटले की वाचकाच्या मनात वेगळेच चित्र उभे राहते. म्हणून ‘काउंटी’ हाच शब्द ठेवणे इष्ट.

व्हर्जिनियात आणखी एक गंमत आहे. तेथील ‘शहर’ हे काउंटीचा भाग नसते, ते स्वतंत्र असते. फेअरफॅक्स नावाचे शहर फेअरफॅक्स काउंटीने चारी बाजूंनी वेढलेले आहे, काउंटीचे मुख्यालयही तेथेच आहे, पण शहरातील रहिवाशांची गणना काउंटीत होत नाही. ‘फेअरफॅक्सचे लोक’ असे मोघम लिहिले, तर नेमके कोणते लोक हा प्रश्न उरतोच.

ही काउंटी पोटोमॅक नदीच्या पलीकडे, वॉशिंग्टन या राजधानीच्या पश्चिमेस पसरलेली आहे. जॉर्ज वॉशिंग्टनची माउंट व्हर्नन ही मिळकत याच काउंटीत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे दुग्धव्यवसायाची भरभराट होती. गायी, गोठे आणि राजधानीला जाणारे दूध ही तिची ओळख होती. १९५० च्या जनगणनेत लोकसंख्या एक लाखाहून किंचित कमी होती. १९७० मध्ये ती साडेचार लाखांवर गेली आणि २०२० मध्ये ११,५०,३०९ इतकी नोंदली गेली. सत्तर वर्षांत जवळजवळ बारापट.

ही वाढ आपोआप झाली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर संघराज्य सरकारचा पसारा वाढला. केंद्रीय गुप्तचर संस्थेचे मुख्यालय लँग्ली येथे १९६१ मध्ये सुरू झाले, डलस विमानतळ १९६२ मध्ये, आणि राजधानीभोवतीचा वर्तुळाकार महामार्ग १९६४ मध्ये पूर्ण झाला. रेस्टन ही आखीव वसाहतही त्याच सुमाराची. टायसन्स येथे एके काळी रस्त्यांचा साधा चौक होता. १९६८ मध्ये तेथे मोठे बंदिस्त व्यापारसंकुल उभे राहिले आणि आज तेथे उंच कार्यालयांची गर्दी आहे. मेट्रो रेल्वे तेथपर्यंत पोहोचायला मात्र २०१४ साल उजाडावे लागले.

आपण ‘उपनगर’ म्हणतो तेव्हा लोकल गाडी, फलाट आणि सकाळी शहराकडे जाणारा लोंढा डोळ्यांपुढे येतो. अमेरिकी उपनगर मोटारगाडीवर वाढले. स्वतंत्र घर, पुढे हिरवळ, दारात दोन गाड्या आणि दुकानापर्यंत चालत जाण्याची सोय नाही, असा त्याचा मूळ नमुना आहे. याचा आर्थिक अर्थ असा की, तेथे गाडी ही चैन नसून कामावर जाण्याची पूर्वअट ठरते आणि तिचा खर्च गरिबालाही चुकत नाही.

५.३ उत्पन्नाचा आकडा आणि त्याच्या पोटातील शब्द

अमेरिकेचे जनगणना कार्यालय दर दहा वर्षांनी शिरगणती करते. उत्पन्नाची माहिती मात्र तीत नसते. त्यासाठी वर्षभर चालणारी एक स्वतंत्र नमुना पाहणी आहे. तीत दरवर्षी सुमारे पस्तीस लाख पत्त्यांवर प्रश्नावली जाते आणि पाच वर्षांची उत्तरे एकत्र करून लहानमोठ्या सर्व प्रदेशांचे अंदाज काढले जातात. २०१८ ते २०२२ या कालखंडाच्या पाहणीनुसार फेअरफॅक्स काउंटीतील वार्षिक उत्पन्नाचा मध्यक सुमारे १ लाख ४५ हजार डॉलर होता. संपूर्ण अमेरिकेचा याच काळातील मध्यक सुमारे ७५ हजार डॉलर होता. शेजारच्या लाउडन काउंटीचा आकडा याहूनही वरचा, म्हणजे सुमारे १ लाख ७० हजार. मध्यक सहा आकड्यांत जाणारी देशातील पहिली काउंटी म्हणून फेअरफॅक्सचे नाव घेतले जाते.

आता या विधानातील शब्द एकेक करून पाहू.

पहिला शब्द ‘मध्यक’. शालेय गणितात तुम्ही मध्य, मध्यक आणि बहुलक शिकला आहात. वृत्तपत्रीय मराठीत मात्र या तिघांनाही ‘सरासरी’ या एकाच नावाने हाक मारली जाते. त्यातून काय घडते, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहा. एका गल्लीत पाच घरे आहेत. त्यांचे वार्षिक उत्पन्न अनुक्रमे ४० हजार, ८० हजार, १ लाख ४५ हजार, २ लाख २० हजार आणि ९ लाख डॉलर आहे. बेरीज करून पाचने भागल्यास मध्य २ लाख ७७ हजार येतो. पाचांपैकी चार घरे त्याच्या खाली आहेत. म्हणजे ‘येथील माणूस सरासरी पावणेतीन लाख कमावतो’ हे विधान गणिताने बरोबर आणि चार घरांच्या बाबतीत खोटे. मध्यक म्हणजे क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारे घर. तो येथे १ लाख ४५ हजार आहे. एका श्रीमंताच्या घराने तो ओढला जात नाही, म्हणून उत्पन्नासाठी मध्यक अधिक विश्वासार्ह मानतात.

पण मध्यकालाही एक आंधळी बाजू आहे आणि पाठ्यपुस्तके तिच्याविषयी फारशी बोलत नाहीत. समजा, वरील गल्लीत सर्वांत गरीब घराचे उत्पन्न ४० हजारांवरून २० हजारांवर घसरले आणि सर्वांत श्रीमंत घराचे ९ लाखांवरून १८ लाखांवर गेले. मध्यक तसाच, १ लाख ४५ हजार. गल्लीत एवढी उलथापालथ झाली तरी या आकड्याला तिची खबर नाही. म्हणून केवळ मध्यक देऊन थांबणारा अहवाल अपुरा असतो. खालच्या आणि वरच्या टोकाला काय चालले आहे, याची दोन वाक्ये तरी लिहावीच लागतात. फेअरफॅक्समध्ये सुमारे एक तृतीयांश घरांचे उत्पन्न दोन लाख डॉलर किंवा त्याहून अधिक आहे. नेहमीच्या तक्त्यात हा सर्वांत वरचा वर्ग असून त्याला वरची मर्यादाच नसते. दोन लाख कमावणारे शिक्षक दांपत्य आणि वीस लाख कमावणारा कंपनीप्रमुख एकाच रकान्यात बसतात.

दुसरा शब्द अधिक नाजूक आहे. हे उत्पन्न कोणाचे? मूळ पाहणीत एकक आहे ते एका निवासस्थानात राहणाऱ्या सर्व माणसांचे, मग त्यांचे परस्परांशी नाते असो वा नसो. मराठी अनुवादक येथे सर्रास ‘कुटुंब’ असे लिहितात. पण जनगणना कार्यालय ‘कुटुंब’ ही संज्ञा वेगळी राखून ठेवते. जन्म, विवाह किंवा दत्तकविधान यांनी घरप्रमुखाशी जोडलेली किमान एक व्यक्ती घरात असेल, तरच ते कुटुंब. एकटी राहणारी वृद्धा किंवा भाडे वाटून घेणारे चार मित्र हे पहिल्या एककात येतात, दुसऱ्यात नाही. दोहोंचे मध्यक वेगळे असतात आणि कुटुंबांचा मध्यक सहसा वरचा असतो. ‘कुटुंब’ लिहून पहिला आकडा दिला, तर वाचकाला चुकीची माहिती मिळते.

मग शब्द कोणता? ‘कुटुंब’ या शब्दाचा इतिहासच गुंतागुंतीचा आहे. एका पिढीपूर्वीपर्यंत ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ असे म्हणणारा गृहस्थ पत्नीविषयी बोलत असे. भारतीय जनगणनेत तर एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे ही मोजणीची कसोटी आहे, म्हणजे गावाकडे ‘वाड्यात किती चुली?’ असे विचारतात, तीच रीत. अमेरिकेतील कसोटी चुलीची नाही, छपराची आहे. या छपराखालील समूहाला मराठीत एक जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘बिऱ्हाड’. बिऱ्हाडात नाते गृहीत धरलेले नसते, एकट्या माणसाचेही बिऱ्हाड असते आणि त्यात भाडेकरूपणाचा जो हलका वास येतो, तो या ठिकाणी अपायकारक नाही. शासकीय परिभाषेने हा शब्द स्वीकारलेला नाही, याची मला कल्पना आहे. परीक्षेत तुम्ही ‘घर’ किंवा ‘निवासी एकक’ लिहिले तरी चालेल. मी या घटकात ‘बिऱ्हाड’ वापरणार आहे.

बिऱ्हाड हे एकक घेतल्याचा परिणाम दूरगामी असतो. ९० हजार आणि ५५ हजार कमावणारे दोघे एकत्र राहिले की मध्यकावरचे एक बिऱ्हाड होते. ते विभक्त झाले की दोघेही मध्यकाच्या खाली जातात. कोणाच्याही पगारात एका डॉलरचाही फरक पडलेला नसतो. याउलट, महाग भाड्यामुळे दोन-तीन मजूर कुटुंबे एका घरात दाटीने राहिली, तर कागदावर ते बिऱ्हाड सुस्थितीत दिसते.

तिसरा शब्द ‘उत्पन्न’. या पाहणीत पंधरा वर्षे व त्यावरील सर्वांचे रोख उत्पन्न, करकपातीपूर्वीचे, धरले जाते. घर किंवा समभाग विकून झालेला नफा त्यात नाही. सरकारी अन्नसाहाय्य नाही, आणि मालकाने भरलेला आरोग्यविम्याचा हप्ताही नाही. एल साल्वाडोरमधील आईला दर महिन्याला पाठवलेले पैसे वजा होत नाहीत. ‘उत्पन्न’ म्हणजे हातात उरणारी रक्कम नव्हे आणि ‘संपत्ती’ तर नव्हेच. सहा लाख डॉलरहून अधिक मध्यक-किंमत असलेली घरे हे येथील मालकांचे मोठे धन आहे. ते उत्पन्नाच्या रकान्यात कोठेही दिसत नाही. सुमारे दोन तृतीयांश बिऱ्हाडे स्वतःच्या घरात राहतात, उरलेली भाड्याने. एकाच्या संपत्तीची वाढ ही दुसऱ्याच्या भाड्याची वाढ असते.

रुपयांत रूपांतर करण्याची सवयही तपासून पाहावी. एका डॉलरला ८० रुपये धरले, तर १ लाख ४५ हजार डॉलरचे १ कोटी १६ लाख रुपये होतात आणि मथळा तयार होतो. पण ते रुपये सांगलीत किंवा अकोल्यात खर्च होणार नसतात. रूपांतर द्यायचेच असेल, तर त्याच वाक्याशेजारी तेथील घरभाडे द्यावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) पाच बिऱ्हाडांच्या काल्पनिक गल्लीत सहावे बिऱ्हाड राहायला आले. त्याचे उत्पन्न ३० हजार डॉलर आहे. आता मध्यक किती? बदललेली स्थिती दोन वाक्यांत लिहा.
(आ) तुमच्या परिसरात ‘बिऱ्हाड’, ‘खटले’, ‘घर’, ‘चूल’ हे शब्द कोणत्या अर्थांनी वापरले जातात, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा.

५.४ कामे आणि वेतन

फेअरफॅक्समधील पंचविशीच्या पुढील रहिवाशांपैकी सहा दशांशांहून अधिक जणांकडे किमान पदवी आहे. उत्पन्नाचे हे सर्वांत ठळक कारण. येथील मोठा नोकरदार वर्ग थेट संघराज्य सरकारकडे तरी आहे किंवा सरकारचे काम कंत्राटाने करणाऱ्या कंपन्यांत तरी. नॉर्थ्रॉप ग्रुमन, जनरल डायनॅमिक्स, बूझ अॅलन हॅमिल्टन, लायडोस या संरक्षण आणि तंत्रज्ञान क्षेत्रांतील कंपन्यांची मुख्यालये या काउंटीत आहेत. त्यांखेरीज कॅपिटल वन ही बँक, हिल्टन हॉटेलसमूह आणि गृहकर्ज क्षेत्रातील फ्रेडी मॅकही येथेच.

‘सरकारी नोकरी’ या शब्दाला मराठीत स्थैर्याची छटा आहे. फेअरफॅक्समध्ये ती छटा पूर्णपणे लागू पडत नाही. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ असे ३५ दिवस अंदाजपत्रकाच्या वादात संघराज्य सरकारचे कामकाज अंशतः बंद पडले होते. कर्मचाऱ्यांना त्या काळात पगार मिळाला नाही; नंतर कायदा करून तो थकीत पगार देण्यात आला. मात्र कंत्राटदारांच्या कामगारांना, म्हणजे सरकारी इमारतींची सफाई करणाऱ्यांना, उपाहारगृहांत काम करणाऱ्यांना, पहारेकऱ्यांना, ती हमी नव्हती. एकाच इमारतीत एकाच कारणाने दोन माणसे घरी बसली, एकाचे वेतन परत आले आणि दुसऱ्याचे कायमचे गेले. वार्षिक मध्यकात या ३५ दिवसांची नोंद शोधून सापडणार नाही.

५.५ गरीब कोणाला म्हणायचे?

या घटकातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, म्हणून तो सावकाश वाचावा.

फेअरफॅक्समध्ये दारिद्र्यरेषेखाली सुमारे सहा टक्के लोक आहेत. राष्ट्रीय प्रमाण याच्या जवळपास दुप्पट. ‘सहा टक्के’ हे ऐकायला अल्प वाटते. पण साडेअकरा लाखांचे सहा टक्के म्हणजे सुमारे ६९ हजार माणसे. टक्केवारी आणि संख्या या दोन्ही खऱ्या असल्या, तरी वाचकाच्या मनावर त्यांचा परिणाम सारखा होत नाही. केवळ टक्केवारी लिहिणारा लेखक नकळत एक बाजू घेत असतो, असे माझे मत आहे.

आता ‘रेषा’ म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा मॉली ओर्शान्स्की या सामाजिक सुरक्षा प्रशासनातील अभ्यासक स्त्रीने १९६३-६४ च्या सुमारास मांडली. १९५५ च्या एका पाहणीत असे दिसले होते की, कुटुंबे आपल्या उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग अन्नावर खर्च करतात. म्हणून काटकसरीच्या आहाराचा खर्च काढून त्याची तिप्पट ही रेषा ठरवली गेली. पुढे महागाईनुसार आकडा वाढत गेला, पण पाया तोच राहिला. दरम्यानच्या काळात घरांच्या किमती, आरोग्यसेवा आणि मुलांच्या संगोपनाचा खर्च अन्नाच्या तुलनेत कितीतरी वाढला. शिवाय शासकीय योजनांची पात्रता ठरवणारी मार्गदर्शक रक्कम अलास्का आणि हवाई वगळता सर्व राज्यांना एकच असते. २०२३ मध्ये चौघांच्या कुटुंबासाठी ती ३०,००० डॉलर होती. मिसिसिपीतील खेड्यातही तीच आणि फेअरफॅक्समध्येही तीच.

फेअरफॅक्समध्ये तीस हजारांत काय होते? येथील घरभाड्याचा मध्यक दरमहा दोन हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे २४,०००. व्हर्जिनियाचे किमान वेतन २०२३ मध्ये ताशी १२ डॉलर होते. आठवड्याला चाळीस तास आणि वर्षाचे बावन्नही आठवडे एकही खाडा न करता काम केले, तर २४,९६० डॉलर मिळतात. म्हणजे एका माणसाची वर्षभराची मजुरी आणि एका मध्यम घराचे वर्षाचे भाडे जवळजवळ सारखेच. पती-पत्नी दोघांनीही असेच काम केले, तर बिऱ्हाडाचे उत्पन्न ४९,९२० होते. ते दारिद्र्यरेषेच्या बरेच वर असते आणि म्हणून अधिकृत मोजणीत हे चौघांचे घर गरीब ठरत नाही.

याच घराकडे दुसऱ्या खात्याच्या मापाने पाहा. संघराज्य सरकारचे गृहनिर्माण खाते प्रत्येक महानगर प्रदेशाचा मध्यक घेऊन त्याच्या ८० टक्क्यांखाली ‘अल्प’, ५० टक्क्यांखाली ‘अति अल्प’ आणि ३० टक्क्यांखाली ‘अत्यंत अल्प’ उत्पन्न असे गट पाडते. वॉशिंग्टन महानगर प्रदेशात चौघांच्या कुटुंबासाठी २०२३ मध्ये हा मध्यक दीड लाख डॉलरच्या थोडा वर होता. त्यामुळे ‘अति अल्प’ उत्पन्नाची सीमा ७५ हजारांच्या आसपास येते. ७५ हजार म्हणजे वर पाहिलेला संपूर्ण देशाचा मध्यक! देशाच्या बरोबर मध्यावर असलेले चौघांचे घर फेअरफॅक्समध्ये ‘अति अल्प उत्पन्न’ गटाच्या उंबरठ्यावर येते.

तिसरे माप शाळेचे. शाळेतील मोफत जेवणासाठी दारिद्र्याच्या मार्गदर्शक रकमेच्या १३० टक्के आणि सवलतीच्या जेवणासाठी १८५ टक्के ही मर्यादा आहे. ३०,००० च्या हिशेबाने दुसरी मर्यादा ५५,५०० होते. आपले किमान वेतनावरचे घर येथे पात्र ठरते. काउंटीच्या शाळांमधील चारांपैकी एकाहून अधिक मुले या मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र आहेत. सहा टक्के गरिबी असलेल्या प्रदेशात पंचवीस टक्क्यांहून अधिक मुले सवलतीच्या जेवणाच्या रांगेत कशी, असा प्रश्न पडला तर त्याचे उत्तर वरील परिच्छेदांत आहे. एकच घर एका कागदावर गरीब नाही, दुसऱ्यावर अति अल्प उत्पन्नाचे आहे आणि तिसऱ्यावर सवलतीस पात्र आहे. तिन्ही कागद आपापल्या व्याख्येने खरे आहेत. मराठीत मात्र आपण तिन्ही ठिकाणी ‘गरीब’ लिहून मोकळे होतो, आणि मग एका अहवालात सहा टक्के आणि दुसऱ्यात पंचवीस टक्के वाचून वाचक म्हणतो की, आकडेवारी ही सारी थापेबाजी आहे. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांमधील फरक ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला हे समजणे अवघड नाही. लेखकाने कोणती रेषा ते लिहायला हवे, एवढेच.

हे लोक काउंटीत सर्वत्र सारखे विखुरलेले नाहीत. उत्तरेकडील ग्रेट फॉल्स आणि मॅक्लीन येथे मोठमोठी घरे आहेत. आग्नेयेकडील रिचमंड महामार्गाच्या कडेला, तसेच बेलीज क्रॉसरोड्सजवळील कलमोर वस्तीत जुन्या भाड्याच्या इमारती आहेत आणि तेथे मध्य अमेरिकेतून आलेल्या स्थलांतरितांची दाट वस्ती आहे. मॅक्लीनमधील हिरवळ कापणारा, स्वयंपाकघर बांधणारा, कार्यालय झाडणारा माणूस बहुधा अशा वस्तीतून येतो. काउंटीचा मध्यक या दोन्ही ठिकाणांवरून सारखाच सरकत जातो.

‘मध्यमवर्गीय’ या शब्दाविषयी एक अनुभव सांगतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी या काउंटीत राहते. दोघेही नोकरी करतात आणि त्यांचे उत्पन्न तेथील मध्यकाच्या वर आहे. फोनवर मी तिला या घटकाविषयी सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “सर, आम्ही इथे अगदी मध्यमवर्गीय हो!” घराचा हप्ता, पाळणाघराचे शुल्क आणि दोन गाड्या यांचा हिशेब तिने लगेच ऐकवला. ती खोटे बोलत नव्हती. ‘मध्यमवर्ग’ ही मोजमापाची संज्ञा नसून स्वतःला कोणाशेजारी उभे करायचे, याची निवड आहे. तिच्याकडे साफसफाईला येणारी बाई स्वतःला काय म्हणवते, हे मी विचारले. तिला ते माहीत नव्हते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
‘दारिद्र्यरेषेखालील’, ‘अल्प उत्पन्न गटातील’, ‘सवलतीस पात्र’ आणि ‘गरजू’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील का? प्रत्येकाचे एक वाक्य करून भेद स्पष्ट करा.

५.६ भाषेचा रकाना आणि मराठी

फेअरफॅक्समधील सुमारे तीस टक्के रहिवासी अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत आणि दहांपैकी जवळजवळ चार जण घरी इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलतात. स्पॅनिश, कोरियन, व्हिएतनामी, अरबी, उर्दू, अम्हारिक अशा अनेक भाषा तेथे नांदतात. पाहणीच्या तपशीलवार भाषा-तक्त्यात हिंदी, गुजराती, उर्दू, पंजाबी, बंगाली, तेलुगू आणि तमिळ यांना स्वतंत्र ओळी आहेत. मराठीची ओळ मात्र ‘नेपाळी, मराठी किंवा अन्य इंडिक भाषा’ अशी आहे. भाषावैज्ञानिक म्हणून मला या शेजाराबद्दल तक्रार नाही, दोन्ही भाषा एकाच कुळातील आहेत. पण आर्थिक रूपरेखेच्या दृष्टीने पाहा. संगणक अभियंता म्हणून गेलेला पुणेकर आणि निर्वासित म्हणून आलेला नेपाळीभाषक भूतानी यांची गणना एकाच ओळीत होते. ‘अमेरिकेतील मराठी माणूस किती कमावतो’ हे या ओळीवरून कोणी सांगू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

भारतीय वंशाच्या अमेरिकी बिऱ्हाडांचे उत्पन्न राष्ट्रीय मध्यकाहून बरेच वरचे आहे, ही गोष्ट खरी आहे. तिचा अन्वय लावताना १९६५ च्या कायद्यापासून सुरू झालेली आणि पुढे कुशल कामगारांच्या परवान्यांनी अधिक कडक झालेली चाळणी लक्षात घ्यावी. जे तेथे पोहोचले, ते बहुतांशी आधीच निवडून काढलेले होते.

५.७ सदोष लेखन आणि त्याची दुरुस्ती

पुढील उतारा वाचा. हा मी या घटकासाठी रचला आहे. पण यातील प्रत्येक चूक मी उत्तरपत्रिकांत पाहिलेली आहे.

“फेअरफॅक्स जिल्ह्यातील प्रत्येक कुटुंब सरासरी १ कोटी १६ लाख रुपये कमावते. तेथे गरिबी नाहीच म्हटले तरी चालेल. लोक सुशिक्षित व मेहनती असल्याने श्रीमंत आहेत आणि सर्वांची स्वतःची घरे आहेत.”

‘जिल्हा’, ‘प्रत्येक’, ‘कुटुंब’, ‘सरासरी’ आणि रुपये यांविषयी वर चर्चा झाली आहे. ‘मेहनती असल्याने श्रीमंत’ हे कारण कोणत्याही तक्त्यात नाही. ते लेखकाने आपल्या पदरचे घातले आहे. किमान वेतनावर बावन्न आठवडे राबणारा माणूस मेहनती नाही, असा त्याचा अर्थ होतो. पाहणीचा काळ दिलेला नाही, ही चूक दिसायला लहान असली तरी सर्वांत घातक, कारण काळ नसलेला आकडा तपासताच येत नाही. आता दुरुस्त उतारा पाहा.

“२०१८ ते २०२२ या काळातील पाहणीनुसार फेअरफॅक्स काउंटीतील बिऱ्हाडांच्या करपूर्व वार्षिक उत्पन्नाचा मध्यक सुमारे १ लाख ४५ हजार डॉलर होता. सुमारे दोन तृतीयांश बिऱ्हाडे स्वतःच्या घरात राहतात. संघराज्याच्या दारिद्र्यरेषेखाली सुमारे सहा टक्के, म्हणजे ६९ हजारांच्या आसपास रहिवासी आहेत. ही रेषा स्थानिक घरभाडे विचारात घेत नसल्याने, शाळेतील मोफत वा सवलतीच्या जेवणास पात्र असलेल्या मुलांचे प्रमाण याहून बरेच मोठे आहे.”

दुसरा उतारा पहिल्याहून लांब आणि कमी चटकदार आहे. ते स्वीकारावे लागते.

५.८ क्षेत्रकार्य

तुम्ही राहता त्या गावातील किंवा प्रभागातील एका गल्लीची निवड करा. किमान वीस बिऱ्हाडांना भेट द्या. उत्पन्नाचा आकडा थेट विचारू नका; लोक तो सांगत नाहीत आणि सांगितला तरी तो पाहुण्यासाठी ठरवलेला असतो. त्याऐवजी घरात कमावते किती, कोणते काम करतात, काम वर्षातील किती महिने असते, घर स्वतःचे की भाड्याचे, चुली किती, आणि बाहेरगावी पैसे पाठवावे लागतात का, एवढे विचारा. कोणाचेही नाव नोंदवू नका. मिळालेल्या माहितीवर आधारित पाचशे शब्दांची आर्थिक रूपरेखा लिहा आणि तीत ‘गरीब’, ‘श्रीमंत’, ‘मध्यमवर्गीय’ व ‘सरासरी’ हे चार शब्द एकदाही वापरू नका. लेखन पूर्ण झाल्यावर ते त्याच गल्लीतील एका रहिवाशाला वाचून दाखवा, आणि तो जेथे ‘असं नाही’ म्हणून अडवेल, त्या जागा समासात नोंदवून स्वाध्याय संपर्कसत्राच्या वेळी सोबत आणा.